काय म्हणाली गं ती?

आमच्या घरात मालिकांना नावं नाहीत, वेळा आहेत. सातची, साडेसातची, आठची. वाहिनीने मध्येच वेळ बदलली तरी आमचं नाव बदलत नाही, त्यामुळे आमची ‘साडेआठची’ कित्येक दिवस सव्वाआठला लागते आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

या सगळ्या वेळा मी आणि माझ्या सासूबाई मिळून बघतो, असं मी परवापर्यंत सांगत होते. खरं म्हणजे बघतात त्या, मी ऐकते. घर डोंबिवलीचं, टीव्ही हॉलमध्ये आणि ओटा भिंतीपलीकडे. सातच्या आगेमागे मी ऑफिसातून येते, हातपाय धुते, चहा टाकते आणि तो उकळेपर्यंत कणकेत पाणी घालते. तिथून साडेनऊपर्यंत माझी पाठ टीव्हीकडे. आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) ८२व्या वर्षी ऐकू फार कमी येतं, म्हणून टीव्हीचा आवाज ४५वर. खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या की कालच्या भागात काय झालं ते त्याच मला सांगतात. त्यांच्याकडे बातम्या लागलेल्या असतात; मालिका त्यांना छतातून मिळते.

तर चित्र आईंच्या वाट्याला आणि आवाज माझ्या. जाहिराती लागल्या की पिठाचे हात घेऊन मी दारात येते. आई विचारतात, “काय म्हणाली गं ती?” मी सांगते. मग मी विचारते, “आणि तो काय करत होता तेव्हा?”

“तो काय करणार? खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर काही नाहीये, नुसता निळा पडदा लावलाय.”

तासाला फार तर १२ मिनिटं जाहिराती, त्यातल्या १० मिनिटं विकलेल्या आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्याच कार्यक्रमांच्या, असा नियम आहे. लोक त्या १२ मिनिटांच्या नावाने बोटं मोडतात. आमची मालिका जुळते ती तेवढ्यातच.

आता जुळते म्हणायचं एवढंच. साडेसातच्या मालिकेत एक काकू आहे. माझ्या कानांना ती पहिल्या दिवसापासून खलनायिका. तिचा आवाज एका ठरलेल्या जागी खाली येतो, मागे पुंगीसारखं काहीतरी वाजतं आणि ती मनातल्या मनात, म्हणजे खालच्या काकूंनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणते की आता बघच तुझी काय अवस्था करते ते. आईंच्या मते मात्र त्या घरात शहाणी तीच एक. “पानात आधी मीठ वाढते, मग चटणी, कोशिंबीर डावीकडे. कुणाला उपाशी ठेवत नाही. सून बघ, नुसती दाराला टेकून उभी.”

“आई, त्याच पानात तिने झोपेच्या गोळ्या घातल्यात.”

“घातल्या असतील. पण वाढलं नीट.”

यावर काय बोलणार? मी पोळ्यांकडे वळते.

या आठवड्यात सोमवारी मी आले तर घर गप्प. दाराला किल्ली लावताना एरवी आतून कुणीतरी रडत असतं. मला वाटलं लाइट गेलेत, नाहीतर आईंचा डोळा लागलाय. आत आले तर टीव्ही चालू, सातची अर्ध्यावर आलेली आणि आई खुर्चीत ताठ बसलेल्या. रिमोट घेऊन आवाज वाढवला. पडद्यावरची रेघ सरकत ६०वर गेली, पण टीव्हीतून चकार शब्द नाही. म्यूटही नव्हतं. सेट-टॉप बॉक्सची पिन काढून घातली, बॉक्स बंद करून दहापर्यंत आकडे मोजले आणि परत चालू केला. हे सगळं मी करत असताना आई माझ्याकडे बघत होत्या, टीव्हीकडे नाही.

“आवाज गेलाय,” मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं. “टीव्हीचा.”

“टीव्हीचा?”

तेव्हा माझं लक्ष टीपॉयकडे गेलं. कडेला दोन नारिंगी स्टिकर चिकटवलेले होते. ऐकायच्या मशीनचा सेल औषधाच्या गोळीएवढा असतो, त्याच्या पाठीवर हे स्टिकर. ते सोलून काढलं की बारीक भोकांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की मशीन कानात घाला नाहीतर डबीत ठेवा, तो आपला संपत राहतो. म्हणून आई एरवी एकेक सेल पुरवून पुरवून वापरतात. त्या दिवशी दुपारभरात त्यांनी दोन फोडले होते. अडीचला जुना भाग लागला तेव्हाच आवाज नव्हता. एक सेल बदलला, नाही. दुसरा बदलला, तरी नाही. घरात दुसरं माणूस नाही की दोन शब्द बोलून बघावं.

“मग वाटीवर चमचा वाजवला,” त्या म्हणाल्या. “वाजल्यासारखं वाटलं. पण ते हाताला कळलं की कानाला, तेच समजेना.”

साडेचार तास त्या होतं नव्हतं तेही गेलं असं धरून बसल्या होत्या. आणि तशा बसून सातची बघत होत्या.

मला काही बोलता आलं नाही. बोलले असते तरी ते दोनदा सांगावं लागलं असतं, आणि काही गोष्टी दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितल्या की भलत्याच वाटतात. चहा टाकला. केबलवाल्याला फोन केला. “मॅडम, उद्या पोरगा येईल,” तो म्हणाला. हा उद्या गुरुवारी उजाडला.

मंगळवारी स्वयंपाकघरात मला सुचेना. पोळपाटाचा आवाज इतका मोठा असतो हे मला माहीतच नव्हतं. शेवटी कुकरला खिचडी लावली आणि हॉलमध्ये आईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. लग्नाला २८ वर्षं झाली; सुट्टी नसताना, कुणी आजारी नसताना, संध्याकाळी सात वाजता त्या खुर्चीत मी बसले ती बहुधा पहिलीच वेळ.

आणि समोर तो ‘धडाम्’ दिसला.

तो मी वर्षानुवर्षं ओट्याशी मोजत आलेय. ‘मी हे घर सोडून जातेय’ असं कुणी म्हटलं की धडाम्, धडाम्, धडाम्, मग जरा थांबून पुढच्याचा धडाम्. माझ्या हिशोबाने सात धडाममध्ये एक पोळी भाजून होते. तो कशासाठी वाजतो हे माहीत होतंच: घरातल्या प्रत्येकाचा चेहरा, तीन तीन वेळा, जवळ जवळ येत. पाणी घालून वाढवलेली आमटी, असं माझं मत होतं आणि ते मी ऑफिसात डबा खाताना बऱ्याचदा ठणकावून मांडलंय. आवाज नसताना हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला. आई खुर्चीत पुढे सरकल्या. कॅमेरा सासऱ्यांवर आला. “ह्याला आधीच ठाऊक होतं,” आई म्हणाल्या. नणंदेवर आला. “ही खूश झाली आतून.” कामवालीवर आला. “हिला खरंच वाईट वाटलंय, पदर बघ कसा धरलाय.” आत्याबाईंवर आला. “ह्या बाईला काय चाललंय तेच माहीत नाही. घरी कधी सोडतील त्याचा विचार करतेय.”

मी हसायला लागले. आई गंभीरच.

“तेवढ्यात माझी सगळ्यांची चौकशी करून होते,” त्या म्हणाल्या. “एरवी ती आपापसांत बोलत असतात. त्यात मला काय मिळणार?”

म्हणजे ज्या सात चेहऱ्यांना मी इतकी वर्षं नावं ठेवली, तेवढाच भाग आईंसाठी पूर्ण होता. बाकीच्या मालिकेत त्या पाहुण्या.

मग माझाही हिशोब मांडणं आलं. मालिकेतली माणसं एकमेकांना ठाऊक असलेल्याच गोष्टी परत परत सांगतात. “म्हणजे आजीने जाताना बाबांना दिलेली आणि बाबांनी काल रात्री तुला दिलेली ती कपाटाची किल्ली तू हरवलीस?” असं कुठलीही बहीण आपल्या बहिणीला विचारत नाही, ती विचारते, “किल्ली कुठाय?” मग हे वाक्य कुणासाठी? जिची पाठ टीव्हीकडे आहे तिच्यासाठी. कुकरच्या शिट्टीत निसटलेलं तिला पुढच्या प्रवेशात परत मिळावं, जाहिरातीनंतर आणखी एकदा मिळावं. सात ते दहा हा पट्टा आपल्याकडे फोडणीचा, पोळ्यांचा, मुलांच्या अभ्यासाचा आणि पानं घ्यायचा. लिहिणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. ‘एवढं काय समजावून सांगतात, आम्ही काय मूर्ख आहोत का’ असं मी पोळी उलटताना चिडून म्हणते. मूर्ख नाही, पाठमोरी.

मोजणारं यंत्रसुद्धा बघत नाही, ऐकतंच. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात ते ‘बार्क’ या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेकडून. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरांतलं मीटर ती खूण पकडतं आणि कुठली वाहिनी लागलीय ते ओळखतं. समोर कोण बसलंय ते घरच्यांनी आपापलं बटण दाबून सांगायचं. देशात टीव्ही असलेली घरं २०२०च्या अंदाजाप्रमाणे २१ कोटी, आणि मीटर ५० हजारांहून थोड्या जास्त घरांत. आमच्याकडे ते नाही. असतं तर त्या तीन दिवसांत तेही आईंसारखं वाटी वाजवत बसलं असतं.

आता एवढं कळलं म्हणून मालिकांना सगळं माफ, असं नाही. उलट आवाज नसला की उरलेलं फारच स्पष्ट दिसतं. आठच्या मालिकेतलं स्वयंपाकघर घ्या. ओट्यावर टोपलीत लाल आणि पिवळी ढोबळी मिरची, शेजारी ब्रोकोली. घर मध्यमवर्गीय, कर्ज डोक्यावर, मुलीच्या फीला पैसे नाहीत, आणि रोज ब्रोकोली. नायिका एकच पोळी लाटते. मंगळवारी लाटायला घेतलेली बुधवारीही तिच्या पोळपाटावर होती. गॅसमागच्या टाइल्सवर तेलाचा एक थेंब नाही. आईंचं म्हणणं, “ह्या घरात कुणी फोडणी दिलेली नाही. म्हणून भांडतात, भुकेने.”

रडण्याचंही तसंच. ओट्याशी उभं राहून मला ती पोर इतकी रडताना ऐकू येते की कधी कधी माझाही जीव कालवतो. समोर बसून पाहिलं तर काजळाची रेघ जिथल्या तिथे. आणि चोरून ऐकणं! आवाजाशिवाय ते इतकं विनोदी दिसतं की मी आईंना हाताने थोपटून दाखवायला गेले, तर त्यांचं लक्ष आधीच तिकडे. दोघंजण खोलीच्या मधोमध उभी राहून गुपित बोलतायत, दार सताड उघडं, आणि दाराच्या चौकटीवर बांगड्या भरलेला एक हात. आईंना तो हात नेहमी माझ्याआधी, त्या दोघांच्याही आधी दिसतो. “आली बघ,” त्या म्हणतात. मला एरवी हे पुंगी वाजल्यावर कळतं.

या वाटणीमुळे आमचे घोटाळेही खूप होतात. जानेवारी २०२५मध्ये ‘प्रेमाची गोष्ट’मधली मुक्ता बदलली, तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे आली. मला ओट्याशी पहिल्याच वाक्याला आवाज वेगळा लागला. सवयीने मी ते गृहीत धरलं आणि आईंना सांगायचं राहून गेलं. आईंना वाटलं, मुक्ताची बहीण राहायला आलीय. मुक्ता कुठे गेली, आजारीबिजारी आहे की काय, आणि नवऱ्याला तिची काहीच फिकीर कशी नाही, या काळजीत त्या चार दिवस होत्या. चौथ्या दिवशी जाहिरातीत मला म्हणाल्या, “हा माणूस मला वाटला तसा नाही गं. मेव्हणीशी फार गोड बोलतो.”

हसण्यावारी न जाणारी गोष्टही एक आहे. ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजी आईंच्या फार आवडत्या. ते काम करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट २०२५मध्ये गेल्या तेव्हा आईंनी पेपरातला फोटो बराच वेळ समोर धरला होता. जवळजवळ पावणेतीन वर्षं रोज रात्री भेटणारी बाई. “मी हिचा आवाज कधी नीट ऐकलाच नाही,” आई म्हणाल्या. “कसा होता गं?” मी सांगायला गेले आणि अडकले. चेहरा सांगता येतो: गोल, लांबट, नाक असं. आवाजाला आपल्याकडे जाडा आणि बारीक यांपलीकडे काय आहे? मी म्हटलं, “रागावल्या तरी घरातल्या वाटायच्या.” आईंनी मान हलवली. पटलं की नुसतं ऐकू आलं, कोण जाणे.

खाली मराठीत ओळी आल्या असत्या तर एवढं काहीच करावं लागलं नसतं. आईंचे डोळे उत्तम आहेत, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, पेपर त्या छोट्या जाहिरातींसकट वाचतात. मुलाने मोबाईलवरच्या ॲपवर एक मालिका लावून दिली होती, तिच्याखाली ओळी होत्या, पण इंग्रजीत. सासू म्हणते, ‘अगं बाई, विरजण लावलंस का?’ आणि खाली त्याचं इंग्रजी. आईंनी मोबाईल परत केला. केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ऐकू न येणाऱ्यांसाठी टीव्ही कार्यक्रम कसे असावेत याचे निकष २०१९मध्येच काढलेत. आमच्या सात ते साडेनऊच्या पट्ट्यात अजून एक ओळ उगवलेली नाही. पूर्वी दूरदर्शनच्या ‘रंगोली’त गाण्याचे शब्द खाली यायचे, तेव्हा ज्यांना ऐकू येत होतं तीच माणसं ते वाचत गुणगुणायची. आमच्यासारख्या घरांत ओळी लागतात त्या गाण्याला नाही, सासूच्या टोमण्याला.

बुधवारी जाहिरातींत आमच्याकडे एकमेकींना सांगण्यासारखं काहीच नव्हतं, दोघींनी सारखंच पाहिलं होतं. म्हणून गप्पा झाल्या. आईंनी टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो गिरगावातल्या चाळीत. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. मजल्यावर संच यायला त्यानंतर काही वर्षं गेली आणि तो आला शेजारच्या खोलीत. ‘चिमणराव’ लागायचं तेव्हा ती खोली, तिचा उंबरठा आणि बाहेरची गॅलरी माणसांनी भरलेली. पुढे मुलं, मग पुरुष, मग म्हाताऱ्या. सुनांनी आपापल्या स्टोव्हपाशी.

“चिमणराव मी बघितला नाही, ऐकलाय,” आई म्हणाल्या. “मधे नुसती फळ्यांची भिंत होती. तिकडे सगळी हसायची तेव्हा मी इकडे हसून घ्यायची. त्या दिलीप प्रभावळकरांचं तोंड मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. आवाजावरून मला तो जाड माणूस वाटला होता.”

म्हणजे भिंतीपलीकडची जागा ही माझी नवी नाही, आईंकडून आलेली आहे. त्या काळात त्यांचे कान शाबूत होते आणि बसायला जागा नव्हती. आता टीव्हीसमोर खुर्ची आहे, हात रिकामे आहेत. खुर्चीपर्यंत पोचता पोचता कानांनी रजा घेतली. हे त्या म्हणाल्या नाहीत, मीच मनात म्हटलं, आणि तेही पुंगीशिवाय.

त्याच बुधवारी आठच्या मालिकेत एक प्रवेश होता. मुलगी वडिलांशी भांडून घर सोडून गेलीय. रात्र आहे. वडील दाराला कडी लावायला येतात. दाराशी चपलांचा स्टँड. त्यावर मुलीच्या चपला राहिल्यात, म्हणजे ती दुसऱ्या घालून गेली असणार. वडील कडी लावत नाहीत. खाली बसतात, गुडघ्यावर हात टेकून, वेळ लावून, जसं त्या वयाचं माणूस बसतं. एक चपल उचलतात, तिचा पट्टा सरळ करतात, मग दुसरी. दोन्ही जोडून उंबऱ्याबाहेर ठेवतात, दाराकडे तोंड करून. म्हणजे कुणी आत येताना काढून ठेवते तशा. मग आत जातात. कडी तशीच.

अर्धं मिनिट असेल. धडाम् नाही, सात चेहरे नाहीत. मी ओट्याशी असते तर मला काहीच ऐकू आलं नसतं आणि जाहिरात लागली समजून मी पिठाचे हात घेऊन दारात आले असते. मला वाटलं, आहे की. मालिका लिहिणाऱ्यांत अजून कुणीतरी आहे ज्याला माहीत आहे की माणूस रडायच्या ऐवजी चपला नीट लावतो. कुठल्यातरी कोपऱ्यात, टीआरपीच्या कानाला पत्ता न लागू देता, कुणीतरी हे अर्धं मिनिट सरकवलंय.

“चांगला नट आहे,” आई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “चपला नव्या आहेत पण. तळाला किमतीचं लेबल आहे अजून.”

गुरुवारी केबलवाल्याचा पोरगा आला. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे सातच्या, साडेसातच्या आणि आठच्या, तिन्ही घरांत घट मांडलेले. आईंनी तिन्ही तपासले: एका ठिकाणी कलशात पाच डहाळ्यांच्या जागी प्लास्टिकचं तोरण, दुसऱ्या ठिकाणी मुखवट्याला नथ उजवीकडे, तिसरं बरं. पोरगा टीव्हीच्या मागे वाकला, एक वायर काढून दुसरी घातली, “जॅक ढिला झालेला, मॅडम,” म्हणाला, आणि सोमवारी मी रेघ ६०वर नेऊन ठेवली होती हे मला आठवायच्या आत साडेसातची काकू घरभर गरजली. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आई दचकल्या. दचकल्या म्हणजे ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनला बोट लावलं आणि परत टीव्हीकडे वळल्या.

दोन मिनिटांत फोन, खालच्या काकूंचा. “आलात का परत? तीन दिवस काही कळलं नाही गं. त्या पोरीचं लग्न मोडलं का?”

शुक्रवार, शनिवार मी पुन्हा ओट्याशी. हास्यजत्रा लागली तेव्हा तेवढी बाहेर आले. तिथे आमची वाटणी चालत नाही. समीर चौघुले अंगाने जे करतो ते आईंना माझ्याहून आधी कळतं, आणि शब्दांच्या कोट्यांवर मी हसले की त्या माझ्याकडे बघून हसतात. दोन्हीचा बेत बरा जमतो. बाकी दोन दिवसांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. आठच्या मालिकेतली मुलगी मैत्रिणीकडे सापडली, तिथे दाराआड एक हात होता म्हणे.

रविवारी दुपारी महाएपिसोड होता, आठवड्याचं सगळं एकत्र. मी मेथीची जुडी घेऊन हॉलमध्ये बसले. खरं तर त्या अर्ध्या मिनिटासाठी बसले होते. मला तो प्रवेश आवाजासकट बघायचा होता. दाराची कडी, जिन्यातली पावलं, लांब कुठेतरी रात्रीची गाडी, चपल फरशीवर ठेवल्याचा आवाज. मी मनात तयार करून ठेवला होता सगळा.

प्रवेश आला. वडील दाराशी आले. बासरी सुरू झाली. बासरीच्या पाठोपाठ एका बाईचा ‘आऽऽ’. वडील खाली बसायला लागले तशी त्यांच्या मनातली वाणी सुरू झाली, चांगली घुमणारी: माझी चिमणी उडून गेली, पण तिच्या घराचं दार तिच्या बाबाने बंद केलेलं नाही, ये बाळा, या उंबऱ्यावर तुझी वाट बघतोय तुझा बाबा. चपल उचलली तेव्हा ‘ही चप्पल’ असंही म्हणून झालं. दुसरी उचलली तेव्हा मागच्या वर्षीच्या भागातली मुलगी धूसर पडद्यावर लहानपणीची धावून गेली, तिचं हसणं प्रतिध्वनीसकट. ते धूसर तुकडे बुधवारीही असणारच. मला ते दिसल्याचं आठवतच नव्हतं. वडील आत गेले. कडीचा आवाज नव्हताच. एक लांबलचक धडाम् मात्र होता.

म्हणजे बुधवारी मला जे आवडलं ते कुणी लिहिलेलं नव्हतं. ढिल्या जॅकने केलं होतं. नाही, अर्धं त्या नटाने केलं होतं. गुडघ्यावर हात टेकून बसणं त्याचंच. त्याला माहीत असेल का, की त्याच्या बसण्यावर नंतर हे सगळं ओतलं जाणार आहे? असणारच. रोज तेच काम. तरी त्याने पट्टा सरळ केला.

मी मेथीच्या काड्या पेपरात गुंडाळत होते. जाहिराती लागल्या. आई माझ्याकडे वळल्या.

“काय म्हणाला गं तो?”

“काही नाही,” मी म्हटलं. मग त्यांच्या कानाशी वाकून परत म्हटलं, “काहीच नाही म्हणाला. गप्प होता.”

“तेच म्हटलं,” आई म्हणाल्या, आणि टीव्हीकडे तोंड केलं. “लेबल दिसलं का तुला?”